गाडी मुंबईतच भरून येते: दिवाळीत नाशिक रोडवरून माहेरी जाताना

मुंबईकरांना आम्हा नाशिककरांचं रेल्वेचं दुखणं सांगून कळत नाही. त्यांना गाडी रिकामी मिळते. सीएसएमटीला नाहीतर एलटीटीला (लोकमान्य टिळक टर्मिनसला) लागलेलीच असते, आरामात चढायचं, बॅगा सीटखाली सारायच्या, साखळी लावायची, पाणी भरून आणायचं, सोडायला आलेल्यांना खिडकीतून टाटा करायचा. तीच गाडी आमच्या नाशिक रोडला येते तेव्हा दादर, ठाणे, कल्याण सगळीकडची माणसं पोटात घेऊन, कसाऱ्याला मागून बँकर इंजिन लावून घाट चढून आलेली असते आणि थांबणार किती, तर दोन-तीन मिनिटं. दिवाळीत तर दारातच माणसं उभी असतात, त्यांनाही आत जायला जागा नसते, आणि आपण खाली बॅगा घेऊन त्यांच्याकडे बघत असतो. म्हणून नाशिकवाल्याने जे काय करायचं ते गाडी प्लॅटफॉर्मला लागायच्या आधी करून ठेवायचं. नंतर फक्त ढकलाढकली उरते आणि त्यात जो दांडगा तो चढतो.

माझं माहेर नागपूर, सासर नाशिक. अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर. वर्षभर नाही गेलं तरी चालतं पण भाऊबीजेला गेलं नाही तर चालत नाही, गणपती बसले की भावाचा फोन सुरू होतो, "ताई, येऊन राहिली ना या वर्षी?" त्याला काय, त्याला स्टेशनवर घ्यायला यायचंय फक्त.

नवऱ्याचं दरवर्षी एकच, समृद्धीने जाऊ. सिन्नरकडून वर चढलं की सरळ नागपूर. रस्ता भारी आहे, वाद नाही, 701 किलोमीटरचा अख्खा महामार्ग जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा उघडल्यावर पूर्ण झाला. पण एवढ्या सरळ रस्त्यावर दिवसभर एकट्याने गाडी हाकायची, मागे लेक "अजून किती राहिलं" विचारत राहणार, आणि मला गाडी चालवता येत असली तरी हायवेवर तो स्टिअरिंग देत नाही, सोडा तो विषय. ट्रॅव्हल्सचं म्हणाल तर खासगी बसवाल्यांना एसटीच्या दीडपटीपर्यंतच भाडं घ्यायची परवानगी आहे. कागदावर. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्रीचं भाडं अ‍ॅपवर बघा आणि मला सांगा. शेवटी रेल्वेच. रात्री चढायचं, सकाळी नागपूर, आणि हे सगळं ट्रॅव्हल्सच्या निम्म्याहून कमी पैशात, अर्थात तिकीट कन्फर्म असेल तर.

तर तिकिटाचं आधी सांगते कारण अर्धी लढाई तिथेच आहे. पूर्वी बुकिंग 120 दिवस आधी उघडायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं. खूप लोक चिडले होते पण मला हे बरं वाटलं, चार महिने आधी कुणाला आपली रजा माहीत असते, लोक नुसती तिकिटं काढून ठेवायचे आणि मग कॅन्सल करत बसायचे. आणि आता लक्षात ठेवायलाही सोपं झालंय. बैलपोळा श्रावण अमावास्येला आणि लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला, म्हणजे मधे दोन चांद्रमहिने, साधारण 59 दिवस. मधे नेमका अधिक महिना घुसला तर गणित बिघडतं, नाहीतर दिवाळीला जायचं तिकीट पोळ्याच्या दोन-चार दिवस आधी उघडतं आणि भाऊबीज करून परत यायचं तिकीट हरतालिकेच्या आसपास. माझ्या कॅलेंडरवर पोळ्याच्या आठवड्यात लाल पेनने "तिकीट" लिहिलेलं असतं. नागपूरला लोक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीच्या तयारीत असतात आणि मी इकडे सकाळी आठला फोन हातात घेऊन बसलेली.

आठच्या ठोक्याला बुकिंग उघडतं. आयआरसीटीसीच्या (रेल्वेच्या ऑनलाइन बुकिंगच्या) खात्याला आधार आधीच जोडून ठेवा, ऑक्टोबर 2025 पासून सुरुवातीच्या 15 मिनिटांत आणि जानेवारी 2026 पासून बुकिंग उघडतं तो अख्खा दिवस आधार व्हेरिफाय केलेल्या खात्यावरूनच तिकीट निघायला लागलं, आणि ऐनवेळी ओटीपीची वाट बघत बसलात तर गेलंच. प्रवाशांची नावं मास्टर लिस्टमध्ये सेव्ह करून ठेवायची म्हणजे वय, नाव टाइप करण्यात वेळ जात नाही. मुलांचं एक सांगते कारण दरवर्षी मैत्रिणी विचारतात: पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बाराच्या आतल्या मुलाचं अर्धं तिकीट काढलं तर बर्थ मिळत नाही, बर्थ हवा तर पूर्ण भाडं. दिवाळीत पूर्ण भाडं भरा आणि बर्थ घ्या. अर्ध्या तिकिटात वाचलेले पैसे रात्री दोनला मांडीवर झोपलेल्या पोराच्या वजनाने वसूल होतात.

आता कोट्याचं. गाडीतल्या जास्तीत जास्त जागा गाडी जिथून सुटते तिथपासून शेवटपर्यंत जाणाऱ्यांसाठी असतात. मधल्या स्टेशनांना थोड्याशा जागा वाटून दिलेल्या असतात नाहीतर चार-पाच स्टेशनांना मिळून एक छोटा कोटा असतो. त्यामुळे नाशिक रोडवरून बघितलं की पीक्यूडब्ल्यूएल किंवा आरएलडब्ल्यूएल असलं काहीतरी, म्हणजे या छोट्या कोट्यातलं वेटिंग दिसतं, आकडा लहान असला तरी ते सरकता सरकत नाही. त्याच गाडीला मुंबईपासून बघितलं तर कधी कधी चक्क जागा असते. मग काय करायचं, तिकीट मुंबईपासूनचं काढायचं आणि बोर्डिंग पॉइंटला नाशिक रोड निवडायचं. थोडे पैसे जास्त जातात, 837 किलोमीटरचं भाडं भरून आपण शेवटचा साडेसहाशेच जाणार, पण बर्थ मिळतो. फक्त तो बोर्डिंग पॉइंट बुकिंग करतानाच टाका, विसरू नका. नाहीतर टीसी मुंबईपासून तुमची सीट रिकामी बघत येतो, त्याच्या हातात आता मशीन असतं, तो ती सीट आरएसीवाल्याला (ज्याला अर्धीच सीट मिळालेली असते त्याला) देऊन मोकळा होतो आणि त्याचं त्यात काही चुकत नाही.

दुसरं म्हणजे तारीख. हे खास आपल्यासारख्या मधल्या स्टेशनवाल्यांचं झेंगट आहे. हावडा मेलसारखी गाडी मुंबईहून रात्री नऊच्या सुमारास सुटते आणि नाशिकला येईपर्यंत बारा वाजून गेलेले असतात, म्हणजे तारीख बदललेली असते. शेजारच्या काकांनी "पाच तारखेच्या रात्री निघू" म्हणून पाच तारखेचं तिकीट काढलं, गाडी साडेबाराची, म्हणजे त्यांनी चार तारखेला रात्री जेवून घर सोडायला हवं होतं. पाच तारखेला रात्री अकराला अख्खं कुटुंब बॅगा घेऊन स्टेशनवर हजर, आणि त्यांची गाडी तोवर बावीस तासांपूर्वीच निघून गेलेली. काकू अजून त्यांना ऐकवतात.

तत्काळलाही हीच भानगड. तत्काळ एक दिवस आधी उघडतं, एसीचं सकाळी दहाला, स्लीपरचं अकराला. पण एक दिवस आधी म्हणजे गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेच्या एक दिवस आधी. मुंबईहून पाचला रात्री सुटलेली गाडी नाशिकला सहाला येणार असेल तर तत्काळ चारला उघडतं. तुम्ही पाचला सकाळी सगळी तयारी करून बसाल आणि समोर भलंमोठं वेटिंग. जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळला आधार लागतंच, आणि एजंटांना पहिला अर्धा तास बुकिंग बंद असतं, त्यामुळे म्हणे सामान्य माणसाला जास्त चान्स. मला फारसा फरक जाणवला नाही. अकराला सगळा देशच बटण दाबत असतो, त्यात एजंट वगळले तरी उरलेले काय कमी आहेत.

वेटिंगचं तिकीट खिशात ठेवून "बघू, टीसीला बोलू" वाले अजून पुष्कळ आहेत. त्यांना एवढंच सांगते की ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावर पूर्ण वेटिंगमध्ये राहिलं तर आपोआप कॅन्सल होतं, मग तुम्ही बिनतिकीटच झालात. खिडकीवर काढलेलं कॅन्सल होत नाही, पण मे 2025 पासून वेटिंगवाल्यांना रिझर्व्हेशनच्या डब्यात बसू द्यायचं नाही हे रेल्वेने कडक केलंय. आरएसी असेल तर मात्र बिनधास्त चढा, साइड लोअरवर दोघांत अर्धी अर्धी सीट. एकदा मी आणि एक अकोल्याच्या आजी अशा रात्रभर समोरासमोर पाय दुमडून बसलो होतो, त्यांनी मला त्यांच्या सुनेचा सगळा इतिहास सांगितला आणि पहाटे उतरताना माझ्या हातात शंकरपाळ्यांची पिशवी दिली. झोप नाही झाली पण शंकरपाळे उत्तम होते.

आणि काहीच नाही मिळालं तर स्पेशल गाड्या बघायच्या. ज्यांचा नंबर शून्याने सुरू होतो त्या. दिवाळी, छठ, उन्हाळा, होळी सगळ्याला सोडतात. भाडं जास्त असतं, बऱ्याचदा वेळ पाळत नाहीत, रेग्युलर गाड्यांना वाट देत कुठेतरी आउटरला उभ्या राहतात, पण जाहीर होतात त्या दिवशी जागा असतात. घाई नसलेल्या माणसाला बेस्ट.

आता स्टेशन. नाशिक रोड हे नावालाच नाशिक, शहरातून आठ-नऊ किलोमीटर लांब आणि मधे द्वारका. दिवाळीच्या संध्याकाळी द्वारका सर्कलला काय होतं ते नाशिककराला सांगायला नको. आम्ही गाडीच्या दीड तास आधी घर सोडतो. नवरा वैतागतो, म्हणतो स्टेशनवर जाऊन काय करणार, मी म्हणते बसणार. कारण स्टेशनवर पोहोचल्यावर एक महत्त्वाचं काम असतं, आपला डबा कुठे लागणार ते बघणं. 22 डब्यांची गाडी म्हणजे अर्धा किलोमीटर लांब, एस-2 आणि एस-7 मधे तुम्ही बॅगा आणि मूल घेऊन पळूच शकत नाही, तीन मिनिटांत तर नाहीच. अ‍ॅपवर कोच पोझिशन दिसते, प्लॅटफॉर्मवर इंडिकेटर असतात, पण सणासुदीला डबे जोडले की ते कधी कधी उलटंपालटं होतं म्हणून मी तिथल्या चहावाल्याला विचारते. त्याचं चुकत नाही. त्याला रोज त्याच डब्यासमोर चहा विकायचा असतो. शेवटच्या क्षणी गाडी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर येणार अशी अनाउन्समेंट झाली तर पुलावर गर्दी करत धावू नका, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. 27 ऑक्टोबर 2024 ला पहाटे वांद्रे टर्मिनसला गोरखपूरच्या गाडीत चढताना चेंगराचेंगरी झाली, माणसं जखमी झाली, आणि त्यानंतर मोठ्या स्टेशनांवर सणाच्या दिवसांत प्लॅटफॉर्म तिकीटच बंद ठेवायला लागले. त्यामुळे सोडायला चार-चार जण आणू नका हे ओघाने आलंच.

सामान एवढंच की घरातल्या प्रत्येकाने आपापलं एका फेरीत उचलून चढायचं. स्लीपरला माणशी 40 किलोची परवानगी आहे पण परवानगी आहे म्हणून काय न्यायलाच पाहिजे का. मोठी चाकांची ट्रॉली बॅग दिवाळीत सगळ्यात वाईट, ती दारातल्या माणसांच्या पायांवरून जात नाही, उचलायला लागते, आणि सीटखाली आधीच मुंबईवाल्यांचं सामान ठासलेलं असतं. पाठीवरच्या सॅक घ्या, मऊ बॅगा घ्या, त्या कोपऱ्यात कोंबता येतात. फराळाचा डबा हातात, वेगळा. चकल्या बॅगेत घातल्या तर नागपूरला भावाला चकलीचा चिवडा मिळतो. सासूबाई दरवर्षी बेदाणे आणि चिवडा देतात ते मात्र बॅगेच्या तळाशी, त्यांना काही होत नाही.

चढायची पद्धत आमच्या घरात ठरलेली आहे. पुढे नवरा मोठ्या सॅका घेऊन, मधे लेक, मागे मी. लेकीचा हात माझ्या हातात नाही तर तिच्या सॅकचा वरचा पट्टा माझ्या हातात, हात सुटतो, पट्टा सुटत नाही. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यायचं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. आपला डबा चढण्यासारखाच नसेल, दार बंद करून ठेवलं असेल (असंही करतात आतले लोक), तर शेजारच्या रिझर्व्हेशनच्या डब्यात चढा, आतून चालत जाता येतं. पण घाईत जनरलमध्ये चढू नका, तिथून आत यायला बऱ्याचदा वाट नसते आणि मग पुढच्या स्टेशनला उतरून पळावं लागतं, म्हणजे मनमाडला, तासाभराने.

दारात उभ्या माणसाशी कसं बोलता यावर बरंच ठरतं. "रिझर्व्हेशन है, हटो" म्हणलं की तो मुद्दाम हलत नाही. "दादा, पोरगी आहे बरोबर, जरा आत घ्या" म्हणलं की तोच माणूस लेकीला उचलून आत घेतो आणि मागच्याला ओरडतो, सरक रे, लेकरू आहे. दरवेळी. रंगाच्या रिकाम्या बादल्या घेऊन चालणारे असतात ना, बादलीत सामान आणि झाकणावर बसायचं, मला तर ती आयडिया जाम आवडते, त्यांना कुणाच्या सीटची गरजच नाही.

सीटवर पोहोचलात की तिथे तिघं बसलेले असणार. हे गृहीत धरूनच जा म्हणजे डोकं फिरत नाही. मी आधी तिकीट दाखवत नाही, आधी सामान ठेवते, लेकीला बसवते, मग विचारते कुठपर्यंत. निम्मे तरी भुसावळपर्यंत नाहीतर अकोल्यापर्यंत असतात. नियम असा आहे की रात्री दहा ते सकाळी सहा झोपायची वेळ, त्या वेळात मिडल बर्थ उघडायचा आणि आपला बर्थ आपला. नाशिकला गाडी दहाच्या पुढे आली तर मी सरळ सांगते, आता झोपायची वेळ झाली, तुम्ही कडेला बसा पण पाय पसरू द्या. एकदा नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कुठल्यातरी कंपनीत काम करणारा भंडाऱ्याकडचा एक मुलगा होता, जनरलचं तिकीट, जनरलमध्ये पाय ठेवायला जागा नाही म्हणून स्लीपरमध्ये आलेला. म्हणाला, "ताई, पायाशी बसू द्या ना जी, बडनेऱ्यापर्यंत, मग पाहतो." बसला. रात्रभर बसल्या बसल्या झोपला, माझ्या पायाला त्याचा धक्का लागला तर झोपेतच सॉरी म्हणायचा.

यावर माझ्याशी भांडणारे लोक आहेत. माझी बहीण म्हणते, पैसे भरून कन्फर्म तिकीट काढायचं आणि सीटवर दुसऱ्याला बसवायचं, असं असेल तर रिझर्व्हेशन कशाला. तिचं बरोबरच आहे, आणि कुणी दादागिरी करत असेल, बाईमाणसाला त्रास देत असेल तर रेल्वेच्या हेल्पलाइनला, 139 ला फोन करा, पुढच्या स्टेशनला आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) येतं. पण त्या मुलाने साठ दिवस आधी काय बघायचं होतं? त्याची दिवाळीची रजा सुपरवायझर आदल्या आठवड्यात सांगतो. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कंपन्यांत अशी हजारो पोरं आहेत. बऱ्याच गाड्यांचे स्लीपरचे डबे काढून तिथे एसी जोडले, आता पुन्हा जनरलचे डबे वाढवतायत म्हणतात, चांगलंच आहे, वाढवा. तोपर्यंत तो पोरगा कुठे तरी उभा राहणारच, माझ्या पायाशी नाही तर दारात. आणि दारात नको.

दाराचं मी खरंच कळकळीने सांगते. 2025 च्या दिवाळीच्या ऐन तोंडावर एलटीटीहून बिहारकडे जाणाऱ्या कर्मभूमी एक्स्प्रेसमधून आपल्या नाशिक रोडजवळच माणसं पडली, त्यात दोघं गेले. छठच्या आधी कामायनी, पवन, काशी, महानगरी या गाड्या प्लॅटफॉर्मवरून जाताना बघा, पायरीवर लटकलेली माणसं दिसतात. त्यातले काही जण इथेच राहतात म्हणून गोदाघाटावर छठ होते, ज्यांना गावीच जायचं असतं ते असे जातात. रात्री दाराशी बसलेल्याला डुलकी लागते, मागून कुणी बाथरूमला जाताना धक्का लागतो, संपलं. तुमच्या डब्यात दारात बसलेला कुणी दिसला तर त्याला आत दोन बर्थच्या मधल्या जागेत पेपर टाकून बसायला सांगा. आणि दुसरं, गाडी मधेच थांबली, कुणी आग आग ओरडलं, तरी उलट्या बाजूने रुळांवर उडी मारू नका. 22 जानेवारी 2025 ला पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा उठली, लोक खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. आपण नागपूरला जातो तो रस्ता हाच. मी लेकीला हे सांगून ठेवलंय, घाबरवायला नाही, पण तिला कळायला पाहिजे.

रात्रीचं बाकी छोटं छोटं. चप्पल पिशवीत घालून उशाशी, नाहीतर सकाळी एक पाय माझा आणि एक पाय कुणाचा. पर्स शालीच्या आत. बाथरूमला जायचं तर मनमाड यायच्या आधी जाऊन यायचं, मनमाडला अजून लोक चढतात आणि मग बेसिनपाशी पण माणसं झोपलेली असतात. बायका पाणीच पीत नाहीत या भीतीने, मीही पूर्वी तेच करायचे, पण मग सकाळी डोकं धरतं, त्यामुळे थोडं थोडं प्यायचं आणि बाथरूमला जाताना सोबतीला शेजारच्या बाईला उठवायचं, तिलाही जायचंच असतं. पेपर सोप, जुनी ओढणी, एक रिकामी प्लास्टिकची पिशवी (लेकीला उलटी झाली तर), एवढं हाताशी.

खाणं घरचंच. गर्दीत पँट्रीवाला पण येऊ शकत नाही, चहावाला आला तरी चहा आपल्यापर्यंत येताना निम्मा दुसऱ्याच्या अंगावर. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. रस्सा असलेलं काही नको आणि उग्र वासाचं पण नको, वरच्या बर्थवर कुणीतरी उपाशी झोपलेला असतो त्याचा विचार करा. पुऱ्या चार जास्तच करायच्या, लागतात. भुसावळला केळी मिळतात पण दिवाळीत खिडकीतून हात बाहेर काढून पैसे देऊन केळी आत येईपर्यंत गाडी सुटते, मी तो नाद सोडला.

परतीचं त्यामानाने सोपं असतं, कारण नागपूरहूनच सुटणारी गाडी घेतली की आपण मुंबईकर होतो, रिकामी गाडी, निवांत बॅगा लावा, भावाला खिडकीतून टाटा करा. तिथे सगळी ऐट करून घ्यायची. प्रश्न उतरायचा असतो. गाडी सकाळी नाशिकला येते, बाकी सगळे मुंबईचे म्हणून गाढ झोपलेले, पॅसेजमध्ये पसरलेले, आणि आपण तिघं त्यांच्यामधून वाट काढणार दोन मिनिटांत. मी मनमाडचा अलार्म लावते. मनमाड गेलं की उठायचं, लेकीला बूट घालायचे, निफाड जाईपर्यंत सामान दाराकडे न्यायला सुरुवात, ओढा आलं की आपण दाराच्या आतल्या बाजूला उभे. कुणाला आधी उठवायचं तेही बघून ठेवायचं, एकदम सगळ्यांना उठवलं की सगळेच चिडतात, दारापाशी जो झोपलाय त्याला फक्त हळूच सांगायचं, नाशिकला उतरायचंय दादा, आणि तो उठतो, कधी बॅग पण खाली देतो.

उतरलं की बाहेर रिक्षावाले घेरतात, दिवाळीचे रेट सांगतात. आम्ही सरळ पुढे जाऊन सिटीलिंकची, म्हणजे शहर बसची वाट बघतो. एवढ्या सकाळी शालिमारच्या बसला गर्दी नसते, तिघांनाही बसायला जागा मिळते आणि संत्र्यांच्या पिशवीला चौथी.